आजारातून उठलेला रुग्णमित्र
आतड्यांच्या गंभीर संसर्गातून सावरलेली माणसे इतर रुग्णांसाठी बोलू लागतात, तेव्हा काय घडते?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी असलेला संपर्क तुटतो. अशा दिवसांत गडचिरोलीच्या एखाद्या टोल्यावर कोणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टरपर्यंत पोहोचणे नदीच्या मर्जीवर अवलंबून असते. दवाखाना गाठला तरी अडचण संपत नाही. कोणते औषध दिले, ते कशासाठी, बाहेरून विकत का आणायचे, हे विचारण्याचे त्राण खाटेवरच्या रुग्णात उरलेले नसते. त्याच्या वतीने हे प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे रुग्णमित्र. हे काम करणाऱ्यांपैकी अनेक जण घडतात ते स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या आजारपणातूनच.

एका शिक्षिकेचा मृत्यू

अमेरिकेतील उदाहरण बोलके आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बालवाडी शिक्षिका पेगी लिलिस यांचा एप्रिल २०१० मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी मृत्यू झाला. निमित्त होते दातांच्या उपचारानंतर घेतलेल्या प्रतिजैविकाचे. अशा औषधाने आतड्यांतील उपकारक जीवाणूही मरतात आणि त्या मोकळ्या जागेत 'सी. डिफिसाईल' हा जीवाणू फोफावतो. त्याच्या विषाने मोठ्या आतड्याला तीव्र सूज येते. लिलिस यांच्या मुलांनी या आजाराचे नावही पूर्वी ऐकलेले नव्हते. त्यांनी त्याच वर्षी आईच्या नावाने संस्था काढली. या आजारातून बचावलेले रुग्ण आणि मृतांचे नातेवाईक यांना लोकप्रतिनिधींपुढे व वैद्यकीय व्यासपीठांवर बोलण्यासाठी तयार करणे, हे संस्थेचे प्रमुख काम आहे.

या जीवाणूचे बीजाणू अल्कोहोलयुक्त द्रावाने मरत नाहीत. त्यासाठी साबण आणि पाण्यानेच हात धुवावे लागतात. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला अशी साधी माहितीही कोणीतरी सांगावी लागते.

जंगलातला प्रश्न

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनभागात मुख्य धोका दूषित पाण्याचा. पटकी, हगवण, विषमज्वर हे त्यातूनच येतात. जुलाबात माणूस दगावतो तो प्रामुख्याने शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. म्हणूनच पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी. आतड्याच्या अस्तरातून साखर आणि मीठ जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जाते. पटकीतही ही यंत्रणा शाबूत राहते.

१९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात बनगावच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोड्याचे मिश्रण पाण्यात घालून दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. हे पाणी पाजणारे बहुतांशी रुग्णांचे नातेवाईकच होते.

मात्र 'सुई-सलाईन म्हणजेच खरा उपचार' हा समज आजही घट्ट आहे. साध्या पातळ जुलाबांत बहुतेकदा प्रतिजैविकाची गरज नसते. रक्त पडणारी हगवण किंवा तीव्र पटकी असेल, तर त्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. दुखणे कधी कधी संसर्ग गेल्यावरही राहते. साधारणतः दहापैकी एका रुग्णाला पोटदुखी, अनियमित शौच अशा तक्रारी पुढे अनेक महिने छळतात. तपासण्यांत काही सापडत नाही आणि रुग्णाच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्याचे म्हणणे खरे मानणारा पहिला माणूस बहुधा तेच भोगलेला असतो.

जनसुनवाईतला आवाज

एकट्याच्या तक्रारीला वजन येते ते ती सामूहिक झाल्यावर. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुढे तिचा विस्तार झाला, तेव्हा चंद्रपूर व गडचिरोलीही त्यात आले. गावसमितीचे सदस्य सेवेची प्रगतिपत्रके भरत. चांगल्या सेवेला हिरवा, मध्यमला पिवळा आणि वाईटला लाल रंग. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून गावकरी आपले अनुभव मांडत.

रुग्णांना विचारण्याची परंपरा या भागात जुनी आहे. कुरखेड्याची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था आपल्या नावातूनच तो विचार सांगते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने शोधग्राममध्ये रुग्णालय उभारताना आदिवासींचे म्हणणे ऐकून ते त्यांच्या वस्तीसारखे बांधले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले.

हक्क आणि मर्यादा

रुग्णमित्राच्या हाती आता लेखी आधारही आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची १७ कलमी सनद तयार केली. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन खासगी रुग्णालयांना हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. उपचारांची माहिती मिळणे आणि आपले कागद हाती मिळणे हे उपकार नव्हेत, ते हक्क आहेत.

अर्थात, रुग्णमित्र हा डॉक्टर नव्हे. स्वतःला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला सुचवणे ही त्याच्याकडून होऊ शकणारी सर्वांत मोठी चूक. सोबत जाणे, विचारणे, लिहून ठेवणे आणि गरज पडल्यास तक्रार पुढे नेणे, एवढेच त्याचे काम. पण नदीला पूर असताना आणि घरातले सगळे घाबरलेले असताना हे 'एवढेच' एखाद्याचा जीव वाचवू शकते.

हे लक्षात ठेवा

* पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून थोडे थोडे पाजत राहावे.
* लहान मुलांना डॉक्टर किंवा आशा कार्यकर्तीच्या सल्ल्याने झिंकही द्यावे. अंगावरचे दूध व जेवण थांबवू नये.
* शौचात रक्त, लघवी बंद होणे, ग्लानी किंवा सतत उलट्या असतील, तर विलंब न करता दवाखाना गाठावा.
* प्रतिजैविक घेतल्यानंतर जुलाब सुरू झाल्यास त्या औषधाचे नाव डॉक्टरांना आवर्जून सांगावे.