गिटारचा ध्वनिवर्धक पेटत नाहीं तेव्हां

ज्या घरांत एके काळीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्या घरांतील वडील मंडळींस एक गोष्ट स्मरत असेल. कळ फिरविली कीं प्रथम काट्यामागील दिवा लागे, मग पेटींतील कांचेच्या नळ्या हळूहळू तांबूस होत, आणि थोड्या वेळानें आवाज उमटे. पुढें ट्रॅन्झिस्टर आला आणि तो रेडिओ घरांतून गेला. पण विजेची गिटार वाजविणाऱ्यांनीं त्या कांचेच्या नळ्या सोडल्या नाहींत. व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला तर त्याचा आवाज एकदम फाटत नाहीं. तो आधीं भरदार होतो, मग हलकेच खरखरूं लागतो, आणि ही खरखरच त्या वादकांना प्रिय आहे. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांच्या कारखान्यांतून १९६३ मध्यें निघालेला 'डिलक्स रिव्हर्ब' हा अशा ध्वनिवर्धकांचा एक नामांकित नमुना होय. पुढील विवेचनांत तोच डोळ्यांपुढें ठेवला आहे.

असा वर्धक एखाद्या सायंकाळीं कळ दाबूनहि निपचित राहिला म्हणजे घरांत दोन मतें होतात. एक म्हणतो, "जळला", दुसरा म्हणतो, "उघडून पाहूं." दोन्ही मतें घाईचीं आहेत. वर्धक मेला आहे कीं केवळ मुका झाला आहे, हें प्रथम ठरविलें पाहिजे. पुढील बाजूचा लहानसा दिवा आणि व्हॉल्व्हमधील तंतु हे ट्रॅन्सफॉर्मरच्या एकाच ६.३ व्होल्टच्या गुंडाळीवर चालतात. दिवा लागत नाहीं, पण पाठीमागून पाहतां व्हॉल्व्हमध्यें तांबूस प्रकाश दिसतो, तर फक्त दिवाच गेला आहे. दिवा व व्हॉल्व्ह दोन्ही पेटले आहेत, पण आवाज नाहीं, तर वीज आंत पोहोंचली आहे आणि दोष पुढें कोठें तरी आहे. पुष्कळदां तर दोष नसतोच. 'स्टँडबाय' नांवाची दुसरी कळ कोणी बंद करून ठेवलेली असते. तिनें तंतु तापत राहतात, मात्र व्हॉल्व्हना लागणारा मोठा दाब अडविला जातो. दिवाहि नाहीं आणि एकहि व्हॉल्व्ह पेटत नाहीं, तेव्हांच वर्धक मेला असें म्हणावें.

मग शोध बाहेरून आंत न्यावा. भिंतींतील सॉकेटमध्यें दुसरें कांहीं उपकरण लावून पाहावें. ही गोष्ट इतकी साधी आहे कीं शहाणी माणसेंच ती विसरतात. त्यानंतर एक परीक्षा अशी आहे कीं तिच्यासाठीं पेटी उघडावी लागत नाहीं. प्लग भिंतींतून काढावा, वर्धकाची मुख्य कळ चालू स्थितींत ठेवावी, आणि प्लगच्या दोन मुख्य पिनांमध्यें मल्टिमीटरनें रोध मोजावा. कांहीं थोडे ओहम दिसले तर तार, फ्यूज, कळ आणि ट्रॅन्सफॉर्मरची पहिली गुंडाळी ही सगळी वाट अखंड आहे. मीटरचा कांटा हललाच नाहीं, तर या चौघांपैकीं कोठें तरी वाट तुटली आहे. तार बहुधा प्लगच्या मानेपाशीं तुटते, कारण ती तेथेंच रोज वांकते. मात्र सर्वांत अधिक वेळां गेलेला असतो तो फ्यूज.

फ्यूजविषयीं गैरसमज पुष्कळ आहेत. फ्यूज गेला म्हणजे दोष सांपडला असें समजून लोक नवा बसवितात आणि मोकळे होतात. वास्तविक फ्यूज हा गुन्हेगार नसून साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष वाचतां येते. कांचेच्या नळींतील तार मधोमध शांतपणें तुटली असेल, तर वयोमान किंवा थोडा अतिभार हें कारण संभवतें. कांच आंतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर फार मोठा प्रवाह एकाएकीं वाहिला, म्हणजे आंत कोठें तरी शॉर्ट आहे. पहिल्या प्रकारांत नवा फ्यूज एकदां लावून पाहण्यास हरकत नाहीं. तो मात्र पेटीच्या पाठीवर लिहिलेल्या अँपिअरचाच असावा, व तेथें 'स्लो' लिहिलें असेल तर सावकाश वितळणाऱ्या जातीचाच घ्यावा. कळ दाबतांच थंड तंतु आणि रिकामे कंडेन्सर क्षणभर जास्त प्रवाह ओढतात. तेवढा तो सहन करतो. हा फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळण्याची जी चाल आहे, ती मुलाला ताप येतो म्हणून तापमापक फोडण्यासारखी आहे. तेवढ्या चांदीनें चार पैसे वांचतात आणि सर्वांत महाग भाग, म्हणजे ट्रॅन्सफॉर्मर, जळून जातो.

हिंदुस्थानांत या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. अमेरिकेंत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३० व्होल्ट. परदेशांतून येणारा मुलगा किंवा भाचा हौसेनें वर्धक आणतो, प्लगला जोड लावून तो भिंतींत बसवितो, आणि एका क्षणांत सर्व शांत होतें. योग्य फ्यूज असेल तर बहुधा तोच बळी जातो आणि बाकीचें वांचतें. प्लगचा जोड फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाहीं. अशा वर्धकास दाब उतरविणारा स्वतंत्र ट्रॅन्सफॉर्मर लागतो, आणि तोहि वर्धकाच्या वॅटपेक्षां अधिक सामर्थ्याचा. कांहीं वर्धकांच्या पाठीवर दाब निवडण्याची सोय असते. तेथें किती आंकडा लावला आहे हें आधीं पाहावें, आणि दाब बदलल्यास फ्यूजहि त्या दाबासाठीं सांगितलेला लावावा.

फ्यूज काळा झाला असेल, किंवा दुसराहि गेला, तर तिसरा जाळण्यांत अर्थ नाहीं. येथें जाणत्या वायरमनचा सीरीज बोर्ड उपयोगी पडतो. वर्धकाच्या वाटेंत ६० किंवा १०० वॅटचा तंतूचा दिवा जोडतात, एल. ई. डी. चा दिवा या कामास चालत नाहीं. आंत शॉर्ट असेल तर तो दिवा पूर्ण तेजानें पेटून तसाच राहतो. नसेल तर क्षणभर उजळून मंद होतो. आतां दोषी कोण हें निवडावयाचें. वीज बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर, एकेक काढून पाहतात. डिलक्स रिव्हर्बमध्यें पाठीमागून पाहतां अगदीं डावीकडील मोठा व्हॉल्व्ह 'रेक्टिफायर', म्हणजे उलटसुलट प्रवाहास एकमार्गी करणारा. तो काढतांच दिवा मंद झाला, तर दोष त्याच्यांत किंवा त्याच्या पुढें आहे. तो पुन्हा बसवून शेजारचे दोन शक्तिव्हॉल्व्ह काढावे. आतां दिवा मंद राहिला, तर बहुधा त्या दोघांपैकीं एक आंतून चिकटला आहे. तरीहि तेजस्वी राहिला, तर स्वतः रेक्टिफायर किंवा त्यामागील कंडेन्सर संशयास पात्र होतात. सर्व व्हॉल्व्ह काढूनहि दिवा तसाच झगझगत असेल, तर ट्रॅन्सफॉर्मर अथवा आंतील जोडणी बिघडली असें धरावें.

घरच्या माणसाचें काम येथें संपतें. सांगाडा उघडणें हें सुताराचें कपाट उघडण्यासारखें नव्हे. आंतील कंडेन्सरवर ४०० व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरहि तो मागें उरूं शकतो. कुशल कारागीर तो रोधांतून उतरवितो, मीटरनें मोजून खात्री करून घेतो, मगच हात घालतो. आणि तेव्हांहि एक हात खिशांत ठेवतो, म्हणजे प्रवाहास छातींतून जाण्यास वाट मिळत नाहीं.

कारागिराकडे वर्धक गेलाच आहे, तर त्याच्याकडून अर्थिंगहि तपासून घ्यावें. जुन्या अमेरिकी वर्धकांच्या प्लगला दोनच पिना असत, आणि घुमघुम कमी व्हावी म्हणून विजेच्या तारेपासून सांगाड्यापर्यंत एक कंडेन्सर जोडलेला असे. तो बिघडला कीं सांगाडा, आणि त्याला जोडलेल्या गिटारच्या तारा, थेट विजेवर येत. मग वादकानें दुसऱ्या हातानें अर्थ असलेल्या ध्वनिक्षेपकास स्पर्श करावयाचाच अवकाश. याच्या उलट प्रकारहि घडतो. १९७२ मध्यें वेल्समधील स्वान्सी येथें 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी ध्वनिक्षेपकाच्या धक्क्यानें प्राणास मुकला. तेथें अर्थ नव्हतें तें ध्वनिक्षेपकासच. असा जुना कंडेन्सर काढून तीन पिनांची तार बसविणें हें चांगल्या कारागिराचें पहिलें काम असतें, आणि घुमघुम थांबावी म्हणून आपल्याकडे मोठी पीन मोडणारे लोक नेमकी तीच सोय उलटवितात.

दुरुस्त होऊन आलेला वर्धक प्रथम स्पीकर जोडलेला असतांनाच लावावा. स्पीकरवांचून आवाज काढला तर शक्तिव्हॉल्व्ह व शेवटचा ट्रॅन्सफॉर्मर धोक्यांत येतात. दिवा लागल्यावर मिनिटभर थांबून स्टँडबायची कळ उघडावी, आणि पाव तास खोलींत अंधार करून पाठीमागून पाहत राहावें. तंतूंचा नारिंगी प्रकाश असावयाचाच; पण शक्तिव्हॉल्व्हची बाहेरची राखी पत्र्याची प्लेटच लाल होऊं लागली, तर ताबडतोब कळ बंद करून तो परत कारागिराकडे न्यावा.