कोरीव अकीक मोडीत घालू नका

आचरा, मालवण पट्ट्यात ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची कोरीव खड्याची चांदीची अंगठी आहे, त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत. चांदी झिजली की अंगठी मोडीत जाते. पैसे मिळतात ते चांदीच्या वजनाचे. खरा मोलाचा नगीना मात्र फुकटात जातो.

हजरत मुहम्मद (स.) यांनी राजेलोकांना पाठवायच्या पत्रांवर उमटवण्यासाठी चांदीची मोहोर-अंगठी करून घेतली होती. मोहोरेची ही चाल पुढे काजी, अंमलदार आणि व्यापारी यांच्यात रूढ झाली. आपल्याकडे अकीक येई तो गुजरातेतून. भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणीतला दगड खंबायतेस भाजून लाल करतात व पैलू पाडतात. अकीकाला लाख चिकटत नाही, म्हणून तो मोहोरेस उत्तम.

पारख अशी करावी. अक्षरे उलटी असतील तर ती मोहोर. सुलटी असतील तर ताईत किंवा शोभेचा खडा. मोहोरेवर बहुधा नाव व हिजरी साल असते. सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावे. हिजरी १२०० म्हणजे सुमारे इ. स. १७८६. पोलादी सुरीने अकीकावर ओरखडा उठत नाही, काचेवर उठतो. पण ही परीक्षा कोरीव बाजूवर करू नये. जुन्या खड्याच्या कडा वापराने गुळगुळीत होतात. केवळ साल पाहून भुलू नये, कारण जुने साल नव्या खड्यावरही कोरता येते.

नवे कोंदण करायचे तर खडा आधी काढून घ्यावा. झाळकामाची आच लागली तर तो तडकतो. चांदी ९२.५ टक्के शुद्धतेची मागावी आणि जुने कोंदण मोडू नये. खडा त्याच घराण्याचा, हे सांगणारा पुरावा तोच असतो.

आखातात नोकरीस असलेल्या भावांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी कोरीव वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. गुन्ह्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड आहे. वय कमी असल्याची खात्री असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. विकायचीच असेल तर परवानाधारक व्यापाऱ्यास विकावी आणि पावती घ्यावी. घरात ठेवली तर उत्तमच.