नाव नको, नंबर सांगा

बंद पडलेल्या मॉडेलची मोटरसायकल जपणाऱ्याला स्पेअरच्या दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आता माल येत नाही.’ हिरोची इम्पल्स चालवणाऱ्यांना ते पाठ झालं आहे. 2011 च्या अखेरीस आलेली ही दीडशे सीसीची गाडी डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठी घडवलेली होती. जमिनीपासून 245 मिलिमीटर उंची, पुढे 19 इंची चाक, खड्डे पचवणारं लांब सस्पेन्शन. खप बेताचा झाला आणि काही वर्षांत उत्पादन थांबलं. त्याच वळणाची पुढची गाडी, एक्सपल्स, हिरोने आणली ती 2019 मध्ये.

अशी गाडी एखाद्या सीलसाठी किंवा केबलसाठी अंगणात गंजत पडावी, हे वाईटच. त्याहून वाईट म्हणजे तो भाग अनेकदा बाजारात असतो; फक्त तो इम्पल्सच्या नावाने मिळत नाही. म्हणून शोधाला निघण्याआधी गाडीच्या भागांचे तीन गट पाडावेत: भावंडांशी सामाईक असलेले, मापावर मिळणारे आणि फक्त तिचेच.

भावंडं कोणती?

इम्पल्सचा मूळ आराखडा होंडाच्या ब्राझीलमधल्या एनएक्सआर 150 ब्रॉस या गाडीचा. हिरो आणि होंडाची 1984 पासूनची भागीदारी संपत असतानाच ती आपल्याकडे आली, त्यामुळे नाव हिरोचं आणि हाडं होंडाची. इंजिनचं घराणं हंक, सीबीझेड एक्स्ट्रीम आणि होंडाच्या युनिकॉर्नचं. बोअर 57.3 आणि स्ट्रोक 57.8 मिलिमीटर. या गाड्या गावोगाव विकल्या गेल्या, म्हणून पिस्टन, रिंग, क्लच प्लेट यांचा शोध हंकपासून सुरू करावा.

पण घराणं एक म्हणून प्रत्येक भाग एक, असं नसतं. त्याची खात्री पार्ट नंबर देतो. होंडाच्या पद्धतीत या नंबराचे तीन तुकडे असतात. पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात. 13101 म्हणजे पिस्टन, 22201 म्हणजे क्लचची फ्रिक्शन प्लेट. मधली तीन अक्षरं तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी काढला ते सांगतात आणि शेवटचे आकडे त्यातला बदल किंवा आवृत्ती. इम्पल्सच्या पार्ट कॅटलॉगमध्ये मधली अक्षरं दुसऱ्या गाडीची निघाली, तर तो भाग त्या गाडीकडून घेतलेला आहे आणि तिच्या नावाने मागता येतो. पिस्टन घेताना मात्र जुन्याच्या माथ्यावरचा आकडा पाहावा. तिथे 25 किंवा 50 दिसलं, तर सिलिंडर आधी एकदा बोअर झालेला आहे आणि साध्या मापाचा पिस्टन त्यात सैल बसेल.

माप हीच ओळख

दुसऱ्या गटाला कंपनीची गरजच नाही. बेअरिंगच्या कडेवर 6202 कोरलेलं असेल, तर आतलं भोक 15 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 35, जाडी 11. बनवणारा जगातला कोणीही असो. 6302 चं भोक तेवढंच, पण बाहेरचा व्यास 42 आणि जाडी 13. पुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे, आणि चिखलपाण्यातून जाणाऱ्या चाकाला तेच हवं. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या क्रमाने आकडे असतात. ते पुसले असतील तर व्हर्नियरने मापावं. मात्र झिजलेल्या सीलपेक्षा ते ज्या शाफ्टवर आणि ज्या खोबणीत बसतं त्यांचं माप खरं मानावं. क्लचची जुनी केबल सोबत नेली, तर त्याच लांबीची करून देणारे कारागीर सापडतात. पुढचा टायर 90/90-19 मापाचा. नक्षी तेवढी आपल्या रस्त्यांप्रमाणे निवडावी.

फक्त तिचंच जे आहे

खरी कसोटी तिसऱ्या गटाची: टाकीच्या बाजूची आवरणं, हेडलाइटचा मुखवटा, सीट, फोर्क, मागचा मोनोशॉक. इथे शोधण्याइतकंच दुरुस्तीलाही महत्त्व आहे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पीपी किंवा एबीएस असा छाप असतो. एबीएस योग्य द्रावणाने चिकटतं. पीपीला डिंक धरत नाही, ते त्याच जातीच्या कांडीने तापवून जोडावं लागतं. फोर्कच्या पाइपवर गंजाचे खड्डे पडले, तर नवं सील आठवड्याभरात फाटतं. पाइप घासून पुन्हा हार्डक्रोम करून घेणं हाच इलाज. मोनोशॉक घरी उघडू नये, आत दाबाखालचा वायू असू शकतो. ब्रॉसचे भाग परदेशातून मागवायचे झाले, तर आधी छायाचित्र आणि माप जुळवावं. तिथली नंतरची ब्रॉस फ्युएल इंजेक्शनची आहे, तेव्हा कार्बोरेटर आणि वायरिंगच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये.

पुण्यात नाना पेठेतली दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, ही फिरण्याची ठिकाणं. जुना माल घेताना दोन बंधनं पाळावीत. ब्रेकचे पॅड, होज आणि मास्टर सिलिंडरची किट नवीच घ्यावी, पक्क्या बिलासह. आणि आख्खं इंजिन कागदपत्रांशिवाय कधीही घेऊ नये. इंजिन क्रमांक नोंदणीपत्रावर असतो, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. बेवारस इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं.

खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासली जाते. 2011 च्या गाड्यांसाठी ते साल 2026. तोवर आपल्या गाडीची एक वही करावी: कोणता भाग, कोणता नंबर, काय माप, कोणत्या गाडीचा चालला. पैसे मोजकेच असतील तर आधी तिसऱ्या गटावर खर्च करावेत, बेअरिंग पुढच्या वर्षीही मिळणार आहे. आणि वहीचं पान आपल्या मेकॅनिकला द्यावं. एकाने जुळवून पाहिलेला नंबर दुसऱ्याची गाडी रस्त्यावर ठेवतो, आणि मागणी दिसत राहिली तरच दुकानदार तो माल ठेवतो.