फिनिक्स : वाळवंटी शहराचे सुख आणि त्याची किंमत

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या, उंट आणि खजुरीची झाडे डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याची राजधानी असलेले फिनिक्स या चित्रात बसत नाही. रुंद रस्ते, बैठी घरे, हिरवीगार गोल्फची मैदाने आणि अनेक घरांमागे पोहण्याचा तलाव, असे या शहराचे रूप आहे. मात्र सोनोरन वाळवंटात वसलेल्या फिनिक्समध्ये वर्षाकाठी सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पाऊस पडायला फिनिक्समध्ये पाच वर्षे लागतात.

तरीही माणसे येथे येतच राहिली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर होती. २०२० च्या जनगणनेत ती १६ लाखांवर गेली आणि फिनिक्स अमेरिकेतील पाचव्या क्रमांकाचे शहर ठरले. उपनगरे धरल्यास हा आकडा ४८ लाखांच्या घरात जातो. इंटेल कंपनी १९८० पासून शेजारच्या चँडलर शहरात आहे, तर तैवानच्या टीएसएमसीने २०२० मध्ये येथे चिपनिर्मितीचा कारखाना उभारण्याची घोषणा केली. नोकरीच्या निमित्ताने अनेक भारतीय कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली असून त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यामुळे वाळवंटी शहरात राहणे कितपत मानवते, हा प्रश्न इकडच्या घरांतूनही विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. गारवा, सावली आणि पाणी या तिन्ही गोष्टी येथे विकत घ्याव्या लागतात. ज्याला ते परवडते, त्याच्यासाठी हे शहर अमेरिकेतील सुखावह शहरांपैकी एक आहे. ज्याला परवडत नाही, त्याच्या मात्र येथे जिवावर बेतते.

आठ महिन्यांचे सुख

ऑक्टोबर ते मे हा काळ येथील रहिवाशांच्या आवडीचा. जानेवारीत शिकागो किंवा न्यूयॉर्क बर्फाने गारठलेले असताना फिनिक्समध्ये दुपारचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. स्वच्छ ऊन आणि कोरडी हवा यांमुळे उत्तरेकडील राज्यांतील व कॅनडातील हजारो निवृत्त नागरिक हिवाळाभर येथे मुक्काम करतात. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणजे हिमपक्षी असे गमतीचे नाव आहे. बेसबॉलचे अनेक व्यावसायिक संघही फेब्रुवारी-मार्चमध्ये सरावासाठी याच परिसरात उतरतात.

शहराच्या हद्दीतच डोंगर आहेत. साडेसहा हजार हेक्टरचे साउथ माउंटन पार्क हे अमेरिकेतील सर्वांत मोठ्या नागरी उद्यानांपैकी एक आहे. पुरुषभर उंचीला कितीतरी मागे टाकणारे सग्वारो निवडुंग मे-जूनमध्ये फुलतात. चक्रीवादळ आणि मोठा भूकंप यांची भीती येथे नाही म्हणण्याइतकी कमी. राज्याचा प्राप्तिकर २०२३ पासून सरसकट अडीच टक्के आहे. कॅलिफोर्नियाच्या तुलनेत घरेही स्वस्त असल्याने तेथील अनेकांनी इकडे बस्तान हलवले. मात्र या ओघामुळेच २०२० नंतर येथील घरांच्या किमती आणि भाडी झपाट्याने वाढली.

उरलेले चार महिने

जून ते सप्टेंबर या काळात हेच शहर वेगळे भासते. २६ जून १९९० रोजी येथे ५० अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा ४३.३ अंशांच्या खाली थांबला नाही. यापूर्वीचा उच्चांक १९७४ मधील १८ दिवसांचा होता. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस कमाल तापमान ३७.८ अंश किंवा त्याहून अधिक राहिले.

दिवसापेक्षाही रात्र अधिक जाचक ठरते. मोकळ्या वाळवंटात सूर्य मावळताच जमीन निवू लागते. शहरात मात्र डांबर आणि काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर बाहेर टाकत राहतात. १९ जुलै २०२३ रोजी किमान तापमानच ३६ अंश होते. शरीराला विसावा मिळण्याची वेळच अशा रात्री हिरावून घेतात. दुपारी डांबरी रस्त्याचे तापमान ७० अंशांपर्यंत जाते. चक्कर येऊन रस्त्यावर पडलेल्या माणसाला काही क्षणांत भाजते आणि असे रुग्ण दर उन्हाळ्यात येथील रुग्णालयांत दाखल होतात.

साहजिकच दिनक्रम बदलतो. फिरणे, धावणे, बागकाम पहाटे उरकले जाते. अतिउष्णतेच्या दिवसांत काही डोंगरवाटा २०२१ पासून भर दुपारी बंद ठेवल्या जातात. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची अमेरिकेतील पद्धतही ॲरिझोनाच्या बहुतांश भागात १९६८ पासून पाळली जात नाही. सूर्य आणखी एक तास उशिरा मावळावा, असे येथे कोणालाच वाटत नाही.

गारवा कोणाला मिळतो?

फिनिक्सचा विस्तार झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी वातानुकूलन यंत्रे आल्यावर. त्याआधी विदर्भात वापरतात तसे पाण्याचे कूलर येथे सर्रास असत. कोरड्या हवेत ते उत्तम चालतात, पण जुलैमध्ये हवेत दमटपणा आला की निकामी होतात. आज एसी हीच जीवनावश्यक वस्तू झाली आहे.

फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येते, तेथे २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक बेघर होते. घरातल्या घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, परंतु तो बंद पडलेला होता. दुरुस्तीचा खर्च न झेपणारे वृद्ध, फिरत्या घरांच्या वसाहतींत राहणारे गरीब आणि उन्हात राबणारे मजूर यांना हे शहर सर्वाधिक महाग पडते. २०१८ मध्ये थकबाकीमुळे वीज तोडलेल्या घरात एका वृद्धेचा उष्म्याने मृत्यू झाल्यानंतर मोठा गदारोळ उठला. त्यानंतर २०१९ मध्ये राज्याच्या नियामकांनी त्यांच्या अखत्यारीतील वीज कंपन्यांना उन्हाळ्यात थकबाकीदारांची वीज तोडण्यास मनाई केली.

वीजच गेली तर काय, याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. उष्णतेच्या लाटेत दीर्घकाळ वीज खंडित झाल्यास फिनिक्सच्या निम्म्या रहिवाशांना तातडीच्या उपचारांची गरज भासेल आणि सुमारे १३ हजार जणांचा बळी जाईल, असे त्यात म्हटले होते.

पाणी कोठून येते?

या प्रदेशात होहोकाम नावाच्या आदिवासींनी शेकडो वर्षांपूर्वी कालव्यांचे जाळे खणले होते. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्यांची वस्ती ओस पडली. १८६७ नंतर आलेल्या गोऱ्या वसाहतकारांनी त्याच कालव्यांचा माग धरून पाणी वळवले. राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याचे नाव शहराला मिळाले ते यामुळेच. १९११ मध्ये सॉल्ट नदीवर रूझवेल्ट धरण पूर्ण झाले. पुढे कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून, साडेआठशे मीटरहून अधिक उंचीवर उपसून वाळवंटापलीकडे आणण्यात आले.

या कालव्याला संसदेची मंजुरी १९६८ मध्ये मिळाली ती एका अटीवर. टंचाईच्या काळात कॅलिफोर्नियाचा हक्क आधी आणि कालव्याचा नंतर, ही ती अट. कोलोरॅडोवरील लेक मीड जलाशय आटत गेल्यावर तिची झळ बसली. २०२२ मध्ये ॲरिझोनाच्या वाट्यात सुमारे १८ टक्के, म्हणजे २२ टीएमसीची कपात झाली. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीतील चारही धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसीच्या आसपास आहे, यावरून या कपातीची कल्पना यावी. तिचा पहिला फटका शहराला नव्हे, तर पिनाल काउंटीतील शेतकऱ्यांना बसला.

राज्यातील सुमारे ७० टक्के पाणी शेतीला लागते. त्यामुळे शेतजमिनीवर घरे उठली की पाण्याचा वापर अनेकदा कमीच होतो. शहराने सांडपाण्याचा पुनर्वापरही वाढवला आहे. फिनिक्सच्या पश्चिमेकडील पालो व्हर्दे अणुवीज प्रकल्प थंड ठेवण्यासाठी प्रक्रिया केलेले सांडपाणीच वापरतात. १९८० च्या भूजल कायद्यानुसार नव्या वसाहतींना शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. जून २०२३ मध्ये राज्याने केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना अशी प्रमाणपत्रे देणे थांबवले.

धुळीचे संकट

जूनच्या मध्यापासून येथेही 'मान्सून' असतो आणि त्या काळात अनेकदा धुळीची प्रचंड भिंत चालून येते. ५ जुलै २०११ च्या वादळात ही भिंत दीड किलोमीटरहून उंच होती. मातीतील एका बुरशीमुळे होणारा 'व्हॅली फीव्हर' हा फुप्फुसाचा आजार अमेरिकेत सर्वाधिक आढळतो तो ॲरिझोनात. सततचा खोकला आणि थकवा जाणवल्यास येथे राहून आलेल्यांनी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

जाणाऱ्यांसाठी

भाड्याने घर घेताना एसी किती जुना आहे आणि बिघडल्यास किती तासांत दुरुस्त होईल, हे करारात स्पष्ट करून घ्यावे. पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या असलेले घर वीजबिल वाढवते. २००८ पासून शहरात लाइट रेल्वे धावत असली, तरी मोटारीवाचून भागत नाही. मुलांकडे जाणारे आई-वडील सहसा अमेरिकेतील थंडी टाळून एप्रिल-मेमध्ये निघतात. फिनिक्सला जायचे असल्यास त्यांनी नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा.

फिनिक्सने २०२१ मध्ये उष्णतेचा सामना करण्यासाठी महापालिकेचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि २०२४ मध्ये काही थंडावा केंद्रे रात्रंदिवस उघडी ठेवली. त्या वर्षी काउंटीतील मृत्यूंची संख्या ६०८ वर आली. दहा वर्षांत प्रथमच ती घटली होती. तो उन्हाळा काही सौम्य नव्हता. ज्यांना गारवा विकत घेता येत नाही, त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले तर माणसे वाचतात, एवढे त्यातून दिसून आले.