खाली दुकान, वर बिऱ्हाड

घरे एकीकडे, दुकाने-कारखाने दुसरीकडे, ही वाटणी अमेरिकेत कायद्याने पक्की झाली ती १९२६ साली. ओहायोतल्या युक्लिड या गावाचे असे नियम देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. धूर ओकणाऱ्या कारखान्यापासून घर लांब असावे, हे पटण्यासारखेच होते. पण त्याच नियमांनी वाण्याचे दुकानही वस्तीबाहेर गेले आणि साध्या दुधासाठी मोटार काढावी लागू लागली. लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात या नियोजनावर सडकून टीका केली. घर, दुकान, कचेरी एकाच रस्त्यावर असली की दिवसभर वर्दळ राहते आणि तीच राखणही करते, हा त्यांचा मुद्दा.

पुण्याच्या पेठांना हे सांगायला कोणाची गरज नव्हती. सोमवार ते रविवार, सातही वारांच्या पेठा इथे आहेत. रस्त्याला लागून दुकान, वर किंवा मागे बिऱ्हाड अशी इथली जुनी रीत. १८८६ ची मंडई, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने: भाजी, भांडी आणि वह्या एकाच फेरीत, पायी. (पार्किंग शोधण्यापेक्षा हे लवकर उरकते.)

अर्थात, घराजवळ दुकान असले तरी तिथवर चालायला मोकळा पदपथ लागतो. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनानिमित्त वाहनांना बंद ठेवला गेला. एरवी तिथे चालणे कसे असते, ते एखाद्या संध्याकाळी जाऊन पाहा.