वैऱ्याला हात देणारी श्रद्धा

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये फेलिक्स मान्झच्या घरी काही तरुण प्रार्थनेसाठी जमले. तिथे कॉनराड ग्रेबेलने गेऑर्ग ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला आणि मग ब्लाउरॉकने इतरांना. त्या सर्वांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेलाच होता. पण अजाण बाळाच्या वतीने इतरांनी घेतलेला निर्णय त्यांना पुरेसा वाटत नव्हता. येशूच्या मागे जायचे तर ते जाणतेपणी आणि स्वतःच्या जबाबदारीवर, असे त्यांचे म्हणणे होते.

पण पुन्हा बाप्तिस्मा घेणे हा गुन्हा ठरला. यात गुन्हा कसला, असे आज वाटेल. पण त्या काळी गावात जन्मलेले मूल आपोआप तिथल्या चर्चचेही होत असे आणि चर्चच्या पाठीशी सत्ता उभी असे. चर्च ही स्वखुशीने एकत्र आलेल्यांची मंडळी आहे, असे म्हणणे म्हणजे राज्यकर्त्यांचा श्रद्धेवरचा हक्कच नाकारणे होते. ५ जानेवारी १५२७ रोजी मान्झला बांधून लिमाट नदीत बुडवण्यात आले. ही शिक्षा देणारे लोक नुकतेच पोपपासून वेगळे झालेले प्रोटेस्टंट होते.

या पंथाला नाव मिळाले ते मेनो सायमन्समुळे. मेनो हा नेदरलँड्समधल्या फ्रीसलँडचा कॅथलिक धर्मगुरू. १५३४-३५मध्ये म्युन्स्टर शहरात प्रौढ बाप्तिस्मा मानणाऱ्यांच्याच एका गटाने तलवारीच्या जोरावर देवाचे राज्य आणू पाहिले आणि त्याचा शेवट भीषण रक्तपातात झाला. त्या प्रकाराने मेनो हादरला. १५३६मध्ये त्याने धर्मगुरूपद सोडले आणि विखुरलेल्या, भेदरलेल्या लोकांना शस्त्रत्यागाच्या वाटेवर एकत्र आणण्यात उरलेले आयुष्य घातले. त्याचे अनुयायी ते मेनोनाइट.

बर्फावरचा कैदी

मेनोनाइट घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक हकिकत आहे. नेदरलँड्समधल्या आस्पेरेन गावच्या डर्क विलेम्सला पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याबद्दल आणि घरी प्रार्थनासभा भरवल्याबद्दल कैद झाली. कापडांना गाठी मारून केलेल्या दोराने तो खिडकीतून उतरला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. तुरुंगातल्या अर्धपोटी अन्नाने खंगलेले त्याचे शरीर बर्फाने पेलले. मागे लागलेल्या शिपायाखाली मात्र बर्फ फुटला. डर्क मागे फिरला आणि बुडत्या शिपायाला त्याने बाहेर ओढले. आपला जीव वाचवणाऱ्याला सोडून द्यावे, असे शिपायाच्या मनात होते. पण काठावरून नगराधिकाऱ्याने त्याला त्याच्या शपथेची आठवण करून दिली. डर्क पुन्हा पकडला गेला आणि १६ मे १५६९ रोजी त्याला जिवंत जाळण्यात आले.

शत्रूवर प्रेम करण्याची येशूची शिकवण डोंगरावरील प्रवचनात आहे. ती संतमहंतांपुरती आहे किंवा स्वर्गाच्या राज्यासाठी राखून ठेवलेली आहे, असे म्हणून तिच्यातून सुटका करून घेता येते. मेनोनाइटांनी ती सोय नाकारली. त्यांच्या लेखी विश्वास म्हणजे अनुसरण. जे ओठांवर आहे ते हातून घडले पाहिजे. शपथ न घेणे, शस्त्र न धरणे, साधे राहणे आणि एकमेकांचे पाय धुण्याचा विधी ही या शिकवणीचीच अंगे. घोडागाडीतून फिरणारे, विजेपासून दूर राहणारे गट त्यांच्यात आहेत, पण ते थोडे. बहुतेक मेनोनाइट चारचौघांसारखेच राहतात.

शस्त्राला नकार, सेवेला होकार

लढायला नकार देणाऱ्यावर भित्रेपणाचा आरोप ठरलेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या सुमारे १२,००० तरुणांनी सैन्याऐवजी सरकारमान्य नागरी सेवा पत्करली. त्यांत सर्वाधिक भरणा मेनोनाइटांचा होता. पगार न घेता त्यांनी जंगलातले वणवे विझवले आणि मनोरुग्णालयांत काम केले. तिथे कोंबून ठेवलेल्या रुग्णांचे हाल त्यांनी पाहिले, ते लोकांपुढे आणायला मदत केली, आणि युद्धानंतर मेनोनाइट मंडळ्यांनी स्वतःची मनोरुग्णालये उभारली.

१९७४मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात दारूच्या नशेत दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. तेव्हा मार्क यांट्झी या मेनोनाइट परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांपुढे एक आगळी सूचना मांडली: या मुलांना ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारी जाऊ द्या. मुले घरोघर गेली, गुन्हा कबूल केला, कोणाचे किती नुकसान झाले ते ऐकून घेतले आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई केली. तुरुंगवासापेक्षा ते दार ठोठावणे कितीतरी अवघड असणार. पीडित आणि गुन्हेगार यांना समोरासमोर आणणारी ही पद्धत पुढे अनेक देशांत पोहोचली.

आपल्या शेजारीही या सेवेची खूण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळाने थैमान घातले होते. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी, तर आज छत्तीसगडमध्ये असलेले धमतरी त्यातलेच एक गाव. तिथे १८९९मध्ये अमेरिकन मेनोनाइट आले. त्यांनी उपाशी माणसांना अन्न दिले, अनाथ मुलांना आसरा दिला आणि १९१०मध्ये रुग्णालय सुरू केले. चांपा येथेही मेनोनाइटांनी कुष्ठरुग्णांची सेवा केली. आज भारतातली सर्वांत मोठी मेनोनाइट मंडळी तेलुगू भाषकांची आहे.

कसोटी घरातली

ही परंपरा निष्कलंक नाही. अहिंसेचा विसाव्या शतकातला सर्वांत प्रभावी मेनोनाइट धर्मचिंतक जॉन हॉवर्ड योडर याने अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केले आणि संस्थांनी ते दीर्घकाळ झाकून ठेवले. जिथे तो शिकवत होता, त्या धर्मशिक्षण संस्थेने २०१५मध्ये पीडितांची जाहीर माफी मागितली. शत्रूला क्षमा करण्याची शिकवण बलवानाच्या हाती पडली, तर दुबळ्याचे तोंड बंद करायलाही वापरली जाते. म्हणून आधी सत्य, मग समेट हा क्रम सोडून चालत नाही. एल्मायराच्या मुलांनीही आधी गुन्हा कबूल केला होता.

२०१०मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला प्रोटेस्टंटांमधल्या लुथरन पंथाच्या जागतिक महासंघाने आपल्या पूर्वजांनी केलेल्या छळाबद्दल मेनोनाइटांची क्षमा मागितली. झिम्बाब्वेचे बिशप दानिसा न्डलोव्हू यांनी मेनोनाइटांच्या वतीने क्षमा दिली आणि लुथरनांना पाय धुण्याचे एक लाकडी घंगाळ भेट दिले. आता एकमेकांची सेवा करत राहू, हा त्या भेटीचा अर्थ. देव कोणता मानावा याबद्दल माणसांत मतभेद राहणारच. पण कोणाचीही श्रद्धा किती खरी, हे जोखायचे तर एक प्रश्न पुरेसा आहे: ज्याचे आपण काही देणे लागत नाही, उलट ज्याने आपले वाईट केले, त्याच्याशी ती आपल्याला कसे वागायला लावते? मेनोनाइटांनी पाचशे वर्षे हा प्रश्न स्वतःला विचारला आहे. कधी प्राण देऊन उत्तर दिले, कधी उत्तर देण्यात ते उणे पडले. तो प्रश्न प्रत्येक धर्माच्या माणसाने स्वतःला विचारावा, एवढ्या मोलाचा आहे.