शिकवावें कोणास, आणि काय ?



कचेरींत अर्जांचा निकाल वेळेवर लागत नाहीं, कारखान्यांत माल वारंवार नापास होतो, पेढीच्या खिडकीपुढची रांग हलत नाहीं. असें झालें म्हणजे वरून हुकूम सुटतो कीं, नोकरांना प्रशिक्षण द्या. वर्ग भरतो, हजेरी लागते, प्रमाणपत्रें वांटलीं जातात, आणि रांग होती तेथेंच राहते. नाडी पाहण्याआधींच औषधाची पुडी बांधल्याचा हा परिणाम होय. गणित चुकणाऱ्या मुलाला पाढा येत नाहीं कीं फळ्यावरचा आंकडा दिसत नाहीं, हें शिक्षकाला आधीं पाहावें लागतें. पहिल्याला शिकवणी हवी, दुसऱ्याला चष्मा. नोकरांच्या बाबतींतही हाच विवेक हवा.

आपल्या लातूर जिल्ह्यांतलेंच उदाहरण घेऊं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि हजारों माणसें स्वतःच्याच घरांखालीं दडपलीं गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार, अशी तीं घरें होतीं. पुढें 52 गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. परंतु त्याहून कितीतरी अधिक गांवांत जुन्या घरांची दुरुस्ती व बळकटी करावयाची होती. तें काम करणाऱ्यांना कोणतें शिक्षण हवें होतें ?

गवंडी अडाणी, असें म्हणणें सोपें होतें. पण तें खरें नव्हतें. ओळंबा धरून भिंत सरळ उभारण्यांत त्यांचा हात कसलेला होता. उणीव नेमक्या ठिकाणीं होती. भिंतीची आंतली व बाहेरची बाजू वेगवेगळी रचून मध्यें दगडगोटे व माती भरीत; दोन्ही बाजूंना जखडणारा आरपार लांब दगड बहुधा नसे. हादरा बसतांच त्या बाजू फाकल्या. म्हणून गवंड्याला सारें गवंडीकाम शिकविण्याचें कारण नव्हतें. आरपार दगड कोठें घालावा, कोपरे कसे बांधावे, दाराखिडक्यांच्या वरून सिमेंट-लोखंडाचा सलग पट्टा कसा फिरवावा, एवढेंच शिकवावयाचें होतें. त्यांत त्याचा दोष तरी काय ? भूकंपाच्या तत्कालीन नकाशांतही हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागांत होता. 2002 च्या नकाशांत तो तिसऱ्या विभागांत आला. कामाची अपेक्षा बदलली, कीं कालच्या कुशल माणसालाही नवें शिकावें लागतें.

अभियंत्याची गरज निराळी. काँक्रीटचें गणित त्याला येई. पण दगडमातीच्या जुन्या घराच्या दुरुस्तीला अभ्यासक्रमांत स्थान थोडेंच. घरमालकाला, काम नीट होत आहे कीं नाहीं, हें ओळखतां यावयास हवें होतें; ती माहिती ‘संवाद सहायक’ म्हणून काम करणाऱ्या गांवच्या स्त्रियांनीं घरोघर पोंचविली. या तिघांना एकाच वर्गांत बसविलें असतें, तर तिघांचाही वेळ फुकट गेला असता.

कोणत्याही संस्थेनें हाच क्रम ठेवावा. येत्या वर्षा-दोन वर्षांत कोणतें काम साधावयाचें, हें प्रथम ठरवावें. मग त्या कामासाठीं प्रत्येकाला काय यावयास हवें, याची यादी करावी. त्यानंतर माणसाला प्रत्यक्ष काम करतांना पाहावें, तक्रारींची वही चाळावी, आणि त्याला व त्याच्या वरिष्ठाला वेगवेगळें विचारावें. दोघांच्या उत्तरांत अंतर पडेल, तेथें पुन्हां स्वतः जाऊन पाहावें.

शेवटीं एक प्रश्न उरतो. प्राणावर बेतलें, तर हा मनुष्य तें काम करूं शकेल काय ? शकत असेल, तर त्याला शिक्षणाची गरज नाहीं. हत्यारें, वेळ, स्पष्ट नियम किंवा योग्य मोबदला यांपैकीं कांहींतरी कमी आहे, आणि तें पुरविणें हें वरिष्ठांचें काम आहे. सिमेंट आलें नसतां गवंड्यांचा वर्ग भरवून पट्टा ओतला जात नाहीं.

शिक्षण दिल्यावरही सहा महिन्यांनीं कामाच्या जागीं जाऊन पाहावें. हजेरीपट भरला, एवढ्यानें समाधान मानूं नये; भिंतींत आरपार दगड पडला कीं नाहीं, तें पाहावें. त्या भिंतीच्या आडोशाला माणसें झोंपणार असतात.